अनुजा मेली ती माझ्या पडद्यावर

मी टीव्ही बोलतोय. बत्तीस इंची, काळ्या काठाचा, उजव्या अंगाला मोठा तडा गेलेला. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या एका खोलीत, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीला टांगलेला आहे. आज दुपारी भंगारवाला येणार आहे. तो यायच्या आत मला एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून जरा घाईत आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता यायचं नाही. पहिली आठवण आहे ती उधन्याच्या दुकानातली. भिंतीवर आम्ही अठराजण होतो आणि अठराही जणांच्या पडद्यावर एकच समुद्र, एकच मासा. दिवाळीच्या आठवड्यात तिथं दोन मुली आल्या, हर्षदा आणि प्रज्ञा. दोघी पांडेसऱ्यातल्या एका युनिटमध्ये साड्या तपासायच्या. कुठे डाग आहे, कुठे सूत निसटलंय, कुठे छपाई सरकली आहे, हे दिवसभर बघायचं. माझीही त्यांनी तशीच तपासणी केली. प्रज्ञानं काठावरून बोट फिरवलं, हर्षदानं काळा रंग खरंच काळा दिसतो का ते पाहिलं. मग दोघी एकाच दमात ‘हाच!’ म्हणाल्या आणि हसत सुटल्या. हर्षदाच्या पहिल्या बोनसमधून मी या घरात आलो.

घरात तीन माणसं. हर्षदाचे वडील लोटूभाऊ रंगाच्या मिलमध्ये. त्यांच्या नखांवरून मिलमध्ये आज लाल माल चालला की निळा, ते कळायचं. आई सरलाबाई घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. कुटुंब मूळचं शिरपूरकडचं. सरलाबाईंच्या तोंडी अहिराणीच. त्यांचं बोलणं मी तुम्हाला कळेल असं सांगतो, मधला एखादा शब्द मात्र तसाच ठेवतो, कारण तो बदलला तर त्या सरलाबाई राहणार नाहीत.

प्रज्ञा राहायची डिंडोलीत. दर रविवारी यायची. ‘जय भीम, काका’ म्हणत आत यायची आणि थेट माझ्यासमोर फरशीवर बसायची. सुरुवातीला सरलाबाई तिचा चहाचा कप धुऊन वेगळा ठेवायच्या. मी समोरच होतो, मला दिसायचं. प्रज्ञालाही दिसत असणार.

मग ‘एका उंबऱ्यात दोघी’ सुरू झाली.

संध्याकाळी सव्वासातची मालिका. रेवती शिवणक्लास चालवायची, अनुजा एसटीत कंडक्टर होती. पहिल्या भागात अनुजानं रेवतीला तिकीट दिलं आणि सुट्टे परत करायला विसरली. ते परत करायला म्हणून ती पुढचे पंधरा भाग शिवणक्लासच्या दारात येत राहिली. नुसती मैत्री नव्हती ती. मालिकेनं ते लपवलंही नाही. एका भागात पावसात थांबलेल्या बसमध्ये रेवती म्हणाली, ‘मला तुझ्याशीच संसार करायचाय.’ हर्षदानं माझा आवाज एकदम बारीक केला. सरलाबाई मोरीत भांडी घासत होत्या. हर्षदा पडद्याच्या इतकी जवळ आली, की तिच्या श्वासानं माझी काच धुरकट झाली.

तेव्हा मला कळलं. रविवारी साड्यांच्या ढिगाखाली हर्षदाचा आणि प्रज्ञाचा हात कुठे असतो, हे मी आधीच पाहिलं होतं. पण त्याला नाव आहे, आणि ते नाव सव्वासाताला सगळ्या घरांतून उच्चारलं जातं, हे त्या दोघींना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

त्या वर्षात घर बदललं. सरलाबाई आधी लेस लावता लावता कान द्यायच्या, मग सुई बाजूला ठेवून बघू लागल्या. रेवतीची आई मालिकेत रागावली की या इथून तिला दटावायच्या. एकदा त्या आईनं रेवतीला घराबाहेर काढलं. सरलाबाई पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे ना व माय त्या पोरीस्ले! कोनं काय बिघाडं त्यास्नी?”

राहू दे ना त्या पोरींना, कुणाचं काय बिघडवलंय त्यांनी!

हर्षदानं गॅलरीत जाऊन प्रज्ञाला फोन लावला. “मम्मी म्हणाली, राहू दे त्यांना! तिच्या तोंडून, प्रज्ञा! आपोआप!”

पलीकडून प्रज्ञा काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण हर्षदाचं उत्तर आलं. “मालिका आहे, माहितीये मला. पण बघतेय ना ती!”

त्याच सुमारास प्रज्ञाचा कप घरच्या कपांमध्ये मिसळला. कधी, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी मालिकेला उतरती कळा लागली. लिहिणारे बदलले म्हणे. अनुजा कमी दिसू लागली. हर्षदा घड्याळ लावून बसायची. “आज दोनच मिनिटं. काल चार होती.” दोघी एका चौकटीत दिसेनाशा झाल्या. एक खिडकीशी, तर दुसरी दाराशी. रेवतीच्या शेजारी एक डॉक्टर राहायला आला, सज्जन, बायको वारलेला. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे बासरी वाजायची.

“याला कशाला आणलाय?” हर्षदा मला विचारायची. मी काय सांगणार? मला जे येतं ते मी दाखवतो.

नेमकं तेव्हाच हर्षदाला स्थळ आलं. मुलाचं नाव गोपाल, शिरपूरला दुकान, माणसं चांगली. लोटूभाऊंनी होकार कळवायला पंधरा दिवस मागून घेतले. आणि मालिकेची जाहिरात सुरू झाली: येत्या रविवारी महाएपिसोड, रेवतीची आई अखेर निर्णय देणार.

हर्षदानं तेच धरून ठेवलं. प्रज्ञा समजावत होती, “असं कुणी मालिकेच्या भरवशावर सांगतं का घरी?” हर्षदा म्हणाली, “माझ्याकडे दुसरे शब्दच नाहीत गं. अहिराणीत यासाठी काय म्हणतात ते मला माहीत नाही. ती बघेल, रेवतीची आई हो म्हणेल, आणि मी एवढंच म्हणेन, मम्मी, मी पण. बास. तू फक्त शेजारी बस.”

त्या रविवारी लोटूभाऊंची पाळी होती. सातलाच प्रज्ञा आली. नेहमी फरशीवर बसणारी ती आज पलंगाच्या कडेला बसली, नवा ड्रेस घालून. हर्षदा मधे. सरलाबाई भिंतीला टेकून. मी लागलो.

पहिल्या दहा मिनिटांत अनुजाची बस घाटात कोसळली.

मला वीज जायला हवी होती. केबल तुटायला हवी होती. सुरतेत एरवी काही ना काही होतं, त्या दिवशी काहीच झालं नाही. चित्र स्वच्छ आलं, आवाज खणखणीत. पांढरी चादर, तिच्याबाहेर कंडक्टरची खाकी बाही. रेवतीचा हंबरडा. मग एक जाहिरात, साबणाची. मग ‘सहा महिन्यांनंतर’ अशी पाटी, आणि रेवती डॉक्टरच्या घरात हळदीच्या पावलांनी शिरतेय. तिची आई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ‘देवानंच वाट दाखवली बघ. ते एक वादळ होतं, सरलं.’

मी म्हणालो ते. माझ्या तोंडून गेलं ते त्या खोलीत.

पुढच्या कार्यक्रमाचं गाणं सुरू झालं तेव्हा सरलाबाईंनी रिमोट घेऊन मला बंद केलं. मी बंद असलो तरी ऐकतो.

हर्षदा बोलली. “मम्मी...”

“सांगू नको,” सरलाबाई म्हणाल्या. “माले दखास.”

म्हणजे, मला दिसतंय. दोघींकडे न बघता त्या बोलत राहिल्या. “तुला वाटलं, मला गोष्टीचा नाद लागला? मी रोज बघत होते त्या पोरींचं पुढं काय होतं ते. तुमच्यासाठी बघत होते. म्हटलं, एवढी शिकलेली माणसं लिहितात, त्यांना काहीतरी वाट माहीत असंल. ते दाखवतील, मग मी तुझ्या बापाला तसं सांगेन.” त्यांनी रिमोट फरशीवर ठेवला. “त्यांनाही सापडली नाही. त्यांनी मारून टाकली. मग मी कुठून आणू, हर्षदा? मी सही करते ती पण अडखळत.”

“ती मालिका आहे मम्मी! आम्ही इथं बसलोय!”

“म्हणूनच. तू बसलेली राहा. जिवंत राहा. लग्न कर आणि जिवंत राहा.”

प्रज्ञा उठली. तिनं सरलाबाईंच्या पायाशी सांडलेली लेस गोळा करून टोपलीत ठेवली. “येते, मावशी,” म्हणाली आणि गेली. हर्षदा तिच्यामागे जिन्यापर्यंत धावली. परत आली तेव्हा एकटीच होती.

पुढचे काही दिवस तिनं फोनला तोंडी सांगून, अक्षरं उमटवून घेत वाहिनीला पत्र लिहिलं. पुसायची, पुन्हा बोलायची. मी पाठ करून टाकलंय ते. ‘तुम्ही पहिल्या वर्षी आम्हाला सांगितलंत की आम्ही आहोत. त्याआधी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग मारायचंच होतं तर दाखवलंत कशाला? माझी आई बघत होती. तुम्हाला माहीत नसेल, पण सुरतेत एक बाई सुई बाजूला ठेवून बघत होती.’

उत्तर दुसऱ्या मिनिटाला आलं. तिनं मोठ्यानं वाचलं. ‘आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद. आमच्यावर असंच प्रेम करत राहा. सोमवारपासून पाहा आमची नवी कौटुंबिक मालिका.’

तेव्हाच पडद्यावर त्या नव्या मालिकेची जाहिरात लागली होती. डॉक्टर झालेला तोच नट, हसत होता. हर्षदानं टोपलीतली लोखंडी कात्री उचलली आणि फेकली.

काच फुटल्याचं दुखलं का, असं विचाराल तर नाही सांगता यायचं. उजवी बाजू काळी पडली. डावीकडे उभ्या रेघा. आवाज मात्र शाबूत राहिला. मला वाटलं होतं, आवाजही जाईल, बरं होईल.

तिला वाईट वाटलं. ती माझ्या जवळ आली, तड्यावर ओढणी फिरवली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. रडली नाही. युनिटमध्ये त्या आठवड्यात तिच्या हातून डागाळलेल्या साड्या पास झाल्या, असं ती आईला सांगत होती. डाग दिसतच नाहीत, म्हणाली.

लोटूभाऊंनी होकार कळवला. साखरपुडा शिरपूरला झाला. तिकडून आल्यावर कळलं, प्रज्ञानं काम सोडलं, ती नाशिककडे मामाकडे गेली आणि तिचा नंबर बंद आहे. हर्षदा रोज एकदा तो नंबर लावायची. ‘आप जिस नंबर से संपर्क करना चाहते हैं’ एवढं ऐकून ठेवून द्यायची.

आणि परवाची गोष्ट. दुपारी सरलाबाई एकट्या होत्या. मला लावलं. अर्ध्या काळ्या पडद्यावर खालून सरकत जाणारा एक नंबर त्यांनी डोळे बारीक करून वाचला आणि एकेक आकडा दाबून फोन लावला.

“हॅलो? ती दोघींची मालिका दाखवत होते ना तुम्ही... हां. माले एकच सांग व बाई. त्या पोरले कसाले मारं तुम्ही?”

पलीकडची मुलगी गोंधळली. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. “मावशी, हा रिचार्जचा नंबर आहे.”

“मग ज्यानं लिहिलं त्याचा नंबर दे.”

“तो आमच्याकडे नसतो, मावशी.”

“त्याला निरोप दे मग. म्हणावं, एक बाई विचारत होती. नसती मारली तर काय झालं असतं? मी ऐकणार होते. माझ्या तोंडाशी आलं होतं. त्याला म्हणावं, अजून एक भाग काढ. ती वाचली होती असं दाखव. खोटं दाखव, चालंल. लग्नाला अकरा दिवस राहिलेत इथं.”

मुलगी हळूच म्हणाली, “मी पण बघायचे, मावशी.” आणि फोन कट झाला.

सरलाबाईंनी मान वर केली. दारात हर्षदा उभी होती, डबा हातात, चपला पायात. केव्हा आली होती कुणास ठाऊक.

ती आत येऊन आईशेजारी बसली. महिनाभरात पहिल्यांदा. दोघी अर्ध्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या, म्हणजे माझ्याकडे.

“ती कुठे असते आता?” सरलाबाईंनी विचारलं.

“नाशिककडे. पत्ता नाही. नंबर लागत नाही.”

“तिची माय डिंडोलीतच ना? मीराबाई?”

“त्या माझा फोन घेत नाहीत.”

सरलाबाईंनी लेस हातात घेतली, ठेवली. “शोध,” म्हणाल्या. “लग्नाचं काय करायचं ते माले माहीत नही. तुझ्या बापाला काय सांगायचं तेही नाही. पण शोध.”

एवढंच झालंय. लोटूभाऊंना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. पत्रिका छापून आल्यात, माझ्याच खाली कपाटावर गठ्ठा आहे. प्रज्ञा सापडली, तरी ती आता ऐकेल का? ऐकलं, तरी नऊ दिवसांत काय होतं? मला आशा वाटते असं म्हणवत नाही. मी आशा दाखवून बसलोय एकदा.

जिन्यावर पावलं वाजतायत. भंगारवालाच असणार. लोटूभाऊ मागून माझी वायर काढतायत. जाता जाता एकच विनंती. तुम्ही जे कुणी लिहिता, त्यांनी लक्षात ठेवा, तुमचं वाक्य मला एखाद्या खोलीत उच्चारावं लागतं आणि तिथं माणसं बसलेली असतात. शेकडो शेवट मी लोकांना दाखवले. या घरातला मात्र मला कळणार नाही.

मला खिळ्यावरून उतरवलंय. गॅलरीत हर्षदा फोन कानाला लावून उभी आहे.

“मीराकाकू? मी हर्षदा. ठेवू नका, काकू. काकू, ठेवू नका...”

मला जिन्याकडे वळवलं.