उताणी पडले होते, मेले नव्हते

मित्रांनो, मी एक म्हातारी झाडकोळीण आहे. पडेगावच्या आदिनाथच्या घरी, खिडकीजवळच्या उभ्या काचेच्या बरणीत राहते. आदिनाथ मला टॅरंटुला म्हणतो. मला आठ पाय आहेत, पण डावीकडचा पुढून दुसरा पाय बाकीच्यांहून आखूड आहे. पाहुणे विचारतात, हा जन्मापासूनच असा का? नाही. तो आखूड कसा झाला तेच आज सांगणार आहे, आणि गोड बोलून सांगणार नाही.

माझा जन्म खुलताबादच्या रस्त्यावरच्या एका जुन्या चिंचेच्या ढोलीत झाला. आम्ही शंभराच्या आसपास भावंडं होतो. आई वर राहिली. आम्ही पिल्लं मात्र खाली उतरलो, मुळांजवळच्या मातीत. लोकांना वाटतं, झाडावरचा कोळी म्हणजे जन्मल्या दिवसापासून फांदीवर. खोटं आहे ते. लहानपणी आमचं अंग कोवळं असतं, वरचा कोरडा वारा त्याला सोसत नाही. खाली ओल असते, आडोसा असतो. आम्ही माती उकरतो, तिला आतून जाळ्याचं अस्तर लावतो आणि गप बसतो. अंगात बळ आलं की मग आपणहून वर चढतो. हे आम्हाला कुणी शिकवत नाही आणि कुणी बदलूही शकत नाही.

त्या साली लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस हुकला होता. शहर पडेगावच्या पुढं सरकत होतं आणि रस्ता रुंद करायचा होता. यंत्राचा पहिला दणका आम्हाला पायांतून कळला, कारण आमचे पाय हेच आमचे कान. आई कुठं गेली, भावंडं कुठं गेली, मला आजवर माहीत नाही. दोन दुष्काळांनी जी चिंच वाळली नाही, ती माणसांनी दुपारच्या जेवणाआधी आडवी केली.

पाडलेल्या झाडाचा पाला शेळ्यांसाठी न्यायला आदिनाथ आणि त्याचे वडील आप्पा आले होते. धनगराचं घर. चारा नाही म्हणून मेंढरं विकून टाकलेली, दारात चार शेळ्या उरलेल्या, आणि आदिनाथ कारखान्यात कामाला. उपटलेल्या मुळांच्या मातीत मी त्याला दिसले. जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून त्यानं मला घरी आणलं.

त्यानं मोबाइलवर बघून उंच बरणी आणली, तळाला दोन बोटं माती टाकली, एक काठी उभी केली आणि मला काठीवर ठेवलं. मी खाली उतरून माती उकरायला लागले. त्यानं मला चमच्यानं बाहेर काढून पुन्हा वर ठेवलं. मी पुन्हा उतरले. असं आठवडाभर चाललं.

"चढ की गं बाई," तो काचेवर टिचकी मारून म्हणायचा. "झाडावरची हायस ना तू? मग उंदरावाणी बीळ कशाला करतीस?"

शेवटी त्यानं माती सगळी काढून टाकली. म्हणाला, माती नसली की चढंल. वरून रोज पिचकारीनं पाणी मारायचा. त्याची आई बानाबाई ते बघून भडकायची.

"माणसाला आठ दिसाला टँकर, अन् तुझ्या आठ पायाच्या बाईला रोज आंघुळ व्हय रं?"

मित्रांनो, पाण्यापायी तिचा राग खरा होता. पण मला पाणी नको होतं. मला मूठभर माती हवी होती.

मग कात टाकायचे दिवस आले. त्या दिवसांत आम्ही खाणं सोडतो, बिळाचं तोंड बंद करतो आणि आत उताणं पडून जुन्या कातडीतून एकेक पाय ओढून काढतो. मला बीळच नव्हतं. भर दुपारी, उघड्या काचेवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मी उताणी पडले. आदिनाथ कामावर गेला होता. आप्पांनी मला पाहिलं.

"आगं ए, हिकडं ये! हे जित्राब उताणं पडलंय, मरतंय बघ!"

त्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. भरल्या पोटाची मेंढी उताणी पडली की तिला उठता येत नाही, पोट फुगून ती मरते. आप्पांनी जेवणावरून उठून धावत जाऊन अशा कितीतरी मेंढ्या सरळ केल्या होत्या. त्याच हातांनी त्यांनी झाकण उघडलं आणि केरसुणीच्या काडीनं मला पालथी केली. माझा एक पाय जुन्या कातडीत अडकलेला होता. तो तिथंच तुटला.

संध्याकाळी आदिनाथ आला आणि बरणीकडं बघून ओरडला, "आप्पा, आवं ती कात टाकत व्हती! हात लावायला कुणी सांगितलं व्हतं?"

"उताणं पडल्यालं जित्राब म्या कधी तसं सोडलं नाय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"अन् तू रं?" बानाबाई लेकावर उलटली. "तिच्या बुडाखालची माती कुणी काढली? आप्पानं? नवं करडू आपुन डालग्याखाली झाकून ठिवतो, डोंगरावर न्हेत नाय. तू तर तान्ह्या लेकराला काठीवर चढवाया निघालास. लई शिकला!"

दुसऱ्या दिवशी आप्पा पिशवी घेऊन रस्त्याकडं गेले आणि चिंचेच्या खड्ड्यातली माती घेऊन आले. बरणी निम्मी भरली. मी त्याच दिवशी आत गेले.

पुढची कात आली तेव्हा मी बिळाचं तोंड बंद केलं. एकोणीस दिवस कुणाला दिसले नाही. शेजारचा कारभारी मला बघायला आला होता.

"मेली असंल आदिनाथ. उकरून बघ की, आत सडली तर वास सुटंल घरात."

आदिनाथनं चमचा उचलला. त्याची पावलं जवळ आली तशी बिळातली माती थरथरली. माझं अंग लोण्यासारखं मऊ होतं. चमचा आत आला असता तर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते.

आप्पांनी करडं झाकायची बांबूची टोपली, ते डालगं, आणून बरणीवर पालथं घातलं आणि काठी घेऊन शेजारी बसले.

"कारभारी, बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडून बघतोस का रं तू? नाय ना? मग चहा पे अन् घरी जा. आदू, ठिव तो चमचा."

चमचा खाली ठेवल्याचा आवाज मला मातीतून आला.

पाच दिवसांनी मी बाहेर आले. तुटलेल्या जागी बारीक नवा पाय फुटला होता. पुढं दोन काती झाल्या, आणि एका सकाळी कुणी न सांगता मी काठीवर चढले ती वरच राहिले.

आप्पा आता थकले आहेत. रोज सकाळी बरणीपाशी येऊन विचारतात, "बरी हायस का गं, आखूडपाये?" मी त्यांना माफ केलेलं नाही. पण त्यांच्या काठीचा ठोका ओळखते आणि तो आला की लपत नाही.

मित्रांनो, कुणाची दया आली तर हात पुढं करण्याआधी विचारा, याची रीत काय आहे? उकरणाऱ्याला उकरू द्या. चढणारा त्याच्या वेळेला चढेल. पण चढायला झाड तरी ठेवा. मी आज पूर्ण वाढलेली आहे, आणि माझं सगळं झाड म्हणजे हातभर काठी.

रोज सकाळी एक जड गाडी रस्त्यानं हळूहळू जाते, तिची थरथर काचेतून माझ्या आठही पायांना लागते. आदिनाथ सांगत होता, चिंचेच्या जागी दुभाजक झालाय, त्यात फुलझाडं लावलीत, आणि ती जगावीत म्हणून त्यांना टँकरनं पाणी घालतात. त्या चिंचेनं कधी कुणाकडं टँकर मागितला नव्हता.