झाकू का?

ओली बाळंतीण छबू अंगणातल्या लिंबाखाली लेकराला छातीशी धरून बसली होती. तिची आई बायनाबाई दारात उभी राहून छताच्या जळक्या तुळईकडं बघत होती. तुळई विझली होती. मकानमालक गहिनीनाथ मात्र आता कुठं पेटत होता.

“बंब तुमचा, नुकसान तुमचं,” तो म्हणाला. “तुळई भरून द्या, न्हाईतर दिवस मावळायच्या आत मकान खाली करा.”

बाळंतपणाचं सोयर फिटल्याशिवाय बाळंतिणीला आष्टीत दुसरं कोण उंबऱ्याच्या आत घेणार होतं?

लेकीला न्हाऊ घालायला बायनाबाईनं तो तांब्याचा बंब नगरहून, निजामाच्या नाक्यावर करोडगिरीची जकात भरून आणला होता. मांडला होता सवण्याखाली, म्हणजे माळवदातल्या धुराच्या भोकाखाली. त्याच्या काजळीनं माळवदावर वाळत घातलेल्या मालकिणीच्या, सावित्रीबाईच्या, कुरडया काळ्या झाल्या आणि दोघींनी अबोला धरला. इतका, की एकीनं कोंबडी हुसकली तरी दुसरीनं ते स्वतःवर घ्यावं.

वावटळ उठली की वरच्यानं सवण्यावर फुटक्या रांजणाचं बूड पालथं घालायचं. पण आधी खाली हाक द्यायची, ‘झाकू का?’ खालच्यानं विस्तव निववून ‘व्हय’ म्हटलं, की मगच झाकायचं. आज खाली विस्तव पेटता असतानाच झाकलं गेलं. बंबाच्या ठिणग्या वर अडल्या आणि तुळईवरच्या काड्यांनी पेट घेतला.

“हाक आली न्हाई, मालक,” बायनाबाई म्हणाली.

गहिनीनाथ बायकोकडं वळला. हातात बैलाची चामडी वादी होती. “तू हाक दिलती का न्हाई?”

सावित्रीबाईनं पदर दातात धरला.

आता बायनाबाई नुसती गप्प राहिली असती तरी खोली वाचत होती. तिचा हात केसांत गेला. माळवदाची माती अजून तिथंच होती.

“हाक न्हाई दिली,” ती म्हणाली. “पन पावलं मला ऐकू आलती. डोक्यावर माती पडली. बंब पेटलाय, थांबा, एवढंच म्हनायचं होतं. म्हनलं, मी का म्हून आधी बोलू?”

“म्हंजी कबूल हाय. उचला बिऱ्हाड.”

छबू लिंबाच्या खोडाला धरून उठू लागली.

“बस गं तू,” सावित्रीबाई म्हणाली. मग नवऱ्याकडं न बघताच, “अर्धी चूक वरची हाय. परसात बाभळीचं लाकूड पडलंय, ते आपलं. सुताराची मजुरी तिची. अन् तवर बाळंतीण माझ्या माजघरात.”

“अन् सोयर?”

“तुमाला बाधत आसंल तर तुमी गोठ्यात निजा.”

वादी खुंटीला गेली.

तुळई बसल्यावर पुन्हा एकदा वावटळ उठली. माळवदावर पावलं वाजली.

“झाकू का?”

बायनाबाईनं बंबातला विस्तव ओढला, पाणी शिंपडलं, लेकराचं टोपडं सारखं केलं.

“बायना, ऐकतीस का न्हाई? डोळ्यांत माती चाललीय माझ्या.”

“व्हय,” बायनाबाई सावकाश म्हणाली.