फक्कीचं घर

सेइनीने काढलेलं घर असंतसं नव्हतं. शाळेत डिझाइनच्या तासाला तिने पुठ्ठ्याचा नमुना मांडला आणि बाईंनी टॉर्चचा सूर्य करून त्याच्यावरून फिरवला, तेव्हा दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून येणारं हिवाळ्याचं खालचं ऊन उत्तरेच्या काचांतून थेट मागच्या भिंतीपर्यंत घुसलं. उन्हाळ्याचं ऊन मात्र छज्ज्यावर डोकं आपटून बाहेरच बसलं. अख्खा वर्ग ओरडला. त्या दिवसापासून सेइनी अशी चालायची, जणू ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या तिच्याच खिशात आहेत.

आता ते घर खरंच होणार होतं. त्यांचं जुनं लाकडी घर हिवाळ्यात आतून घाम गाळायचं. ते पाडून त्याच जागी नवं बांधायचं बाबांनी ठरवलं. बाबा स्वतः सुतार. "हात माझे, डोकं माझ्या लेकीचं," असं ते चर्चमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले होते. नकाशा पक्का करणारा माणूस सोमवारी येणार होता.

आणि एवढा सगळा घाट घातला होता तो लेसिएली आत्यासाठी.

लेसिएली आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. हे कुटुंब मूळचं टोंगा बेटांवरचं, आणि टोंगन घरात बापाच्या थोरल्या बहिणीपुढे कुणाचं काही चालत नाही. लग्नात पहिला मान तिचा, मयतीत शेवटचा शब्द तिचा. अशा या आत्या दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात एकट्या राहायच्या. तिथल्या भिंतींवर काळी बुरशी चढायची. आत्या व्हिनेगर लावून ती पुसायच्या, आणि बुरशी पाहुण्यासारखी चार दिवसांनी परत हजर. मागच्या हिवाळ्यात त्यांचा खोकला छातीत उतरला आणि हॉस्पिटलातून त्या आल्या त्या निम्म्या होऊन. आत्या चर्चमध्ये फुलं मांडायला गेल्या की बाबा शिडी घेऊन निघायचे, त्यांच्या घराची पन्हळ साफ करायचे आणि त्या परतायच्या आत घरी यायचे.

"आत्या, नव्या घरात येणार ना आमच्याकडे?" सेइनी विचारायची.

"माझं आहे ते बरंय गं. चर्च जवळ आहे."

चर्च नव्या घरापासून आणखी जवळ होतं!

आत्यांना नुसतं घर दिसायला हवं, मग त्या नाही म्हणूच शकणार नाहीत, असं सेइनीला ठाम वाटत होतं. पण कागदावर त्यांना म्हणे मुंग्या दिसत होत्या. मग सेइनीने ठरवलं, घर खऱ्या मापाचं आखायचं. जमिनीवर. फक्कीने.

केपू मामा, आईचा भाऊ, रग्बी क्लबच्या मैदानाची निगा राखायचा. मामाची कुठलीही वस्तू भाचीने खुशाल उचलावी ही टोंगाची जुनी रीत, आणि सेइनीचं या रीतीवर मनापासून प्रेम होतं. तिने फक्कीचं गाडं उचललं आणि गाड्याबरोबर मामाही आपोआप आला.

शनिवारी दुपारी, सामना संपल्यावर, सरावाच्या मैदानावर आखणी सुरू झाली. उत्तर कुठे, ऊन कुठून, सगळं अगदी जागेवर होईल तसं.

"मामा, सरळ मार ना!"

"ए, अर्ध्या ऑकलंडची मैदानं आखलीत मी या हातांनी."

"तेच म्हटलं. आपल्या स्वयंपाकघराला गोलपोस्ट फुटायला लागलेत!"

पांढऱ्या रेघा उमटत गेल्या आणि हिरवळीवर घर उभं राहिलं. उत्तरेला मोठी बैठकीची खोली, मागे झोपायच्या खोल्या आणि बरोब्बर मधोमध बाथरूम. त्या बाथरूमचा सेइनीला फार अभिमान होता. घराला एकच. त्यामुळे पाइप आखूड, गरम पाणी वाटेत निवायचं नाव नाही. बाकी घरही कसं, थंडीत अंग आखडून बसलेल्या मांजरासारखं आटोपशीर. बाहेरच्या भिंती कमीत कमी, ऊब जास्तीत जास्त.

आई डबे घेऊन फक्कीच्या स्वयंपाकघरात शिरली. अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून शिजवलेल्या मांसाचा वास सुटला. धाकटी लुइसा धावत येऊन तिच्या पायांना बिलगली.

"लुइसा, भिंतीतून आलीस! दारातून ये!"

लुइसा परत गेली, दारातून आली आणि तोंडाने "करर्र" आवाजही काढला.

मग आत्या आल्या. टोंगन रिवाजाप्रमाणे कमरेला मानाची चटई बांधलेली, हातात घडीची खुर्ची.

"या, आत्या! ही बैठकीची खोली. हिवाळ्यात ऊन इथे, तुमच्या पायांवर. जमीन दिवसभर तापणार आणि संध्याकाळी ती ऊब आपल्याला परत देणार. शेगडी लागणारच नाही बघा!"

आत्या रेघेच्या आत आल्या. त्याच क्षणी आत टेप घेऊन मापं तपासणारे बाबा उठले आणि पलीकडच्या रेघेवरून बाहेर गेले.

"आणि ही तुमची खोली." आत्या वळल्या. बाबा कोपऱ्यावरून फिरून बैठकीत परत आले. आत्या बैठकीत आल्या. बाबा खिडकीतून गेले.

"बाबा परत भिंतीतून गेले!" लुइसा टाळ्या पिटत ओरडली. "बाबा भूत आहेत!"

आई हसली. बाबा मान खाली घालून टेप गुंडाळत बसले. आत्या सावकाश रेघेबाहेर गेल्या, खुर्ची उघडली आणि गवतावर बसल्या.

"सुंदर आहे हो घर," त्या म्हणाल्या. "सुखाने राहा सगळे."

राहा! म्हणजे आत्या येणार नव्हत्या. सोमवारी नकाशा पक्का होणार, हिवाळ्यात आत्या पुन्हा त्या बुरशीशी भांडत बसणार, आणि हे उबदार घर नुसतंच उबदार राहणार. पण चुकलं कुठे?

ती पाय आपटत मामाकडे गेली. मामा रेघेबाहेर, गाड्याला टेकून, ताट मांडीवर घेऊन जेवत होता.

"आत बस ना मामा. आई वाढतेय."

"मी इथेच बरा. हवा छान आहे."

हे तो नेहमीच म्हणायचा. त्यांच्याकडे जेवायला आला की मागच्या पायरीवर बसायचा. सेइनीला वाटायचं, मैदानावरचा माणूस, याला हवा लागते. पण गेल्या हिवाळ्यात धो धो पावसातही तो त्याच पायरीवर बसला होता, डोक्यावर छत्री, ताटात थेंब.

"मामा," ती हळूच म्हणाली, "पावसातही तुला हवा लागते?"

मामाचा घास हातातच राहिला. "पेटली बाई बत्ती! तुझी आई माझी बहीण ना? बहीण जिथे पाय पसरून बसते तिथे भावाने घुटमळायचं नाही. गावाकडे आम्ही मुलगे मोठे झालो की वेगळ्या खोपीत झोपायचो. हा मान असतो, सेइनी. भांडण नव्हे. तुला भाऊ असता तर रांगता रांगता कळलं असतं."

सेइनीने घराकडे पाहिलं. एकच बाथरूम. आत्यांचं दार बाबांच्या दारासमोर. सकाळी आत्या टॉवेल घेऊन निघणार आणि समोर बाबा दाढीचा फेस लावून! तिचे कान तापले.

"मग कुणी बोललं का नाही?"

"कोण बोलणार? 'ताई, आपलं बाथरूम एक आहे,' हे तुझ्या बाबाने म्हणायचं? त्यापेक्षा तो छपरावरून उडी टाकेल. आणि तुझ्या आत्याने म्हणायचं, तर भाऊ एवढा जीव टाकून घर बांधतोय त्याचं काय?"

सेइनीने फक्कीचं गाडं मामाच्या पाठीमागून ओढून घेतलं. मग म्हणाली, "झाडू आण."

"का?"

"घर कापायचंय."

मामाने झाडू मारला, सेइनीने गाडं धरलं. मधलं बाथरूम पुसलं. बैठक पुसली. एका घराची दोन झाली, मध्ये लांबलचक पडवी, आणि दोन्हींवर मिळून एकच छप्पर. पावसाचं पाणी एकाच टाकीत. ईशान्येचं छोटं घर आत्यांचं. सकाळचं पहिलं ऊन तिथे पडणार. मानाचं माणूस, मानाचं ऊन! त्याला स्वतःचं दार, स्वतःचा चहाचा ओटा, स्वतःचं बाथरूम.

बाबा लांबून बघत होते. शेवटी त्यांच्यातल्या सुताराला राहवेना. "बाहेरच्या भिंती वाढतील, सेइनी. ऊब निसटेल."

"लोकर दुप्पट भरू भिंतीत. या देशात मेंढ्यांना काय तोटा?"

"पाइप लांबतील."

"लांबू देत. बाई गुण कापतील, तेही कापू देत."

बाबांनी दोन घरांकडे पाहिलं, मग पडवीकडे. नाक ओढलं, टेप खिशात टाकला आणि मोठ्या घरात, दारातून, आत जाऊन उभे राहिले. आत्यांकडे पाठ करून.

आता सगळ्यांचे डोळे खुर्चीवर. आत्यांनी काही घाई केली नाही. उठल्या, खुर्ची मिटली, पूर्ण वळसा घालून छोट्या घराच्या दाराशी आल्या. फक्कीच्या रेघेबाहेर त्यांनी चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या, आणि मग आत पाऊल टाकलं. सकाळचं ऊन पडणार होतं तिथे खुर्ची मांडली. बसल्या. पाय पसरले.

सेइनीला नाचावंसं वाटत होतं, पण तिने श्वास रोखला.

"सेइनी."

"हो, आत्या?"

"तुझ्या बाबांना सांग, दाराला पायरी नको. माझे गुडघे दुखतात."

बाबा हाकेच्या अंतरावर होते आणि मध्ये भिंत म्हणून नुसती पांढरी पूड होती. तरी सेइनी पडवीतून धावत गेली. "बाबा, आत्या म्हणतात, पायरी नको!"

"सांग त्यांना, उतार करतो. हाताला कठडाही लावतो."

ती धावत आली. "आत्या, उतार! आणि कठडा!"

"कठडा कशाला? म्हातारी समजतो का मला? त्याला सांग, लावायचाच तर गुळगुळीत लाव, मागच्यासारखी कुसं नकोत."

"बाबा, कठडा गुळगुळीत हवा!"

"मागचा कठडा मी बारा वर्षांचा असताना केला होता म्हणावं!" बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज हसू दाबता दाबता चिरकला.

पलीकडे आत्यांचे खांदे हलत होते. सेइनी पडवीतून या टोकाला धावत होती, त्या टोकाला धावत होती, खिडकी केवढी, चटया कुठे, आंब्याचं नाही तर लिंबाचं तरी झाड दारात हवंच. मामा झाडू आपटत ओरडला, "अगं ए, पडवी पुसलीस की सगळी! परत कोण आखणार?"

"तूच!" सेइनी धावता धावता म्हणाली. "मामा कुणाचा आहेस?"