उन्हात फिके पडलेले आकडे

मी बारामतीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातली नंबराची पाटी बोलतेय. माझं तोंड लाल दिव्यांचं. पण आज सांगताना ते जास्त लाल झालंय, ते लाजेनं.

१९९६ साली अस्मानं मला घडवलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती आपल्या चुलत्याच्या, अफजलभाईंच्या, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. दुकान अंधारं. तिथं माझे इंग्रजी आकडे असे झळकले, की अफजलभाई म्हणाले, "पोरी, ही तर दिवाळीच हाय!" मी फुगले.

दवाखान्यात मला दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. दुपारी ऊन थेट माझ्या तोंडावर यायचं आणि मी फिकी पडायचे. त्यात बाकांवरच्या लोकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब. बिचारे डोळे बारीक करून बघत, मग शेजाऱ्याला हळूच विचारत. आपल्यालाच वाचता येत नाही म्हणून शरमत. मला मात्र कुणी नावं ठेवली नाहीत.

एकदा मोरगावच्या मुक्ताबाई एकट्याच आल्या. डावा डोळा लालभडक, ठणकत होता. कंपाउंडर सोपाननं बिल्ला दिला. "मावशी, पाटीवर सत्तावीस आलं की आत यायचं."

भर उन्हात मी सत्तावीस दाखवला. त्या माझ्याकडंच बघत होत्या, पण उठल्या नाहीत. आतल्या खोलीतल्या सोपानला वाटलं, बाई कंटाळून गेल्या. त्यानं पुढचा आकडा दाबला.

डॉक्टर इंदापूरला शस्त्रक्रियेसाठी निघून गेल्यावर मुक्ताबाईंनी विचारलं, "माझा नंबर कवा यायचा रं?"

"आवो, त्यो कवाच गेला!"

"व्हय? माझंच डोळं फुटलं. पाटीनं बिचारीनं दावला आसंल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एवढंच म्हणाले, "कालच बघायला हवा होता." तो डोळा गेला.

हे कळल्यावर अस्मा आली. पेशंटसारखं धूसर दिसावं म्हणून चष्म्याला तेलकट कागद लावून दिवसभर बाकावर बसली. संध्याकाळी अफजलभाई न्यायला आले, तेव्हा रडत म्हणाली, "चाचा, मी हिला दुकानात बघितलं. हितं कधी बघितलंच न्हाय."

मग तिनं मला मोठे मराठी आकडे दिले, माथ्यावर पत्र्याची पडवी दिली, भोवतीचा उजेड ओळखून माझं तेज कमी-जास्त करणारा एक बारका डोळा बसवला, आणि घंटी जोडली. घंटी वाजली की सोपान दारात येऊन नाव पुकारू लागला.

आता मी सगळ्यांना दिसते. माझ्यासारख्या पाट्या घडवणाऱ्यांनो, आधी त्या बाकावर बसून बघा. एवढंच मागणं.

गेल्या महिन्यात मुक्ताबाई उजवा डोळा दाखवायला आल्या होत्या. घंटी वाजली, नाव पुकारलं, तशा लगेच उठल्या. आत जाता जाता थांबल्या आणि त्यांनी मला हात जोडले.

"लई ग्वाड झाली बाई पाटी. आता मलाबी दिसतंय."

मला सगळे दिवे विझवून घ्यावेसे वाटले. पण तोवर सोपाननं पुढचा नंबर दाबला होता.