सुधारलेला निष्कर्ष

कपाशीच्या त्या वाईट वर्षांत मारेगावात अहवालांचं पीक मात्र जोमात यायचं, आणि त्यांचं इंग्रजी तपासायला सगळे माझ्याकडे यायचे. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, त्यामुळे फुकटात.

एका संस्थेचा साकेत असाच आला. दोनशे शेतकऱ्यांना विचारलं, फवारणीचा त्रास फक्त तिघांना झाला, म्हणून फवारणी सुरक्षित असल्याचं 'प्रूव्ह' झालं, असं त्यानं लिहिलं होतं. माझं डोकंच फिरलं. आकडे फार तर सुचवतात, सिद्ध करत नाहीत, हे मी तीस वर्षं घसा कोरडा करून सांगत आलोय. 'प्रूव्ह' खोडून 'सजेस्ट' केलं. तो कुरकुरला की वरच्यांना ठाम वाक्य लागतं, आरोग्य तपासणी शिबिर घ्यायचं की नाही ते यावरूनच ठरणार आहे. मी ऐकलं नाही. वाक्य इतकं नेमकं झालं की माझा मीच खूश.

टायपिंगसाठी आम्ही नाहिदच्या दुकानात गेलो. नावांची यादी टाइप करताना तिचे हात थांबले.

"सर, फवारणाऱ्यात उत्तमसिंग काकांचं नाव काहून हाय? त्यांनी जिंदगीत पंप पाठीले लावला नाही. त्यांच्या वावरात माहे अब्बा फवारतात. दोन महिने झाले, त्यांना धड दिसत नाही."

नावं कुठून आणली, मी साकेतला विचारलं. सातबाऱ्यावरून, तो म्हणाला. मालकांना विचारलं, ते म्हणाले, आम्ही फवारलं, काही झालं नाही. आपल्याकडे मालक असंच बोलतो. निंदण बायका करतात आणि हा सांगतो, माझं निंदण करून झालं. साकेत इथलाच, त्याला हे ठाऊक होतं. मलाही होतं. त्याच्यापेक्षा मला माझीच चीड आली. भलत्याच माणसांच्या उत्तरांना मी चांगले कपडे घालून बसवलं होतं.

मी अख्खा परिच्छेद खोडला आणि एकच वाक्य लिहिलं: जे फवारतात त्यांना आम्ही विचारलेलं नाही.

साकेत वैतागला. असं लिहिलं तर पाहणी पुन्हा करावी लागेल, मग या हंगामात शिबिर विसराच, म्हणाला.

नाहिद खाली मान घालून म्हणाली, "फवारणी सुरक्षित म्हटल्यावर तसंही कुठं होणार होतं, साहेब. पण अब्बाले काही झालं नाही, हे माह्या हातानं टाइप करायले लावू नका."

साकेतनं नव्या वाक्याखाली सही केली आणि तिला घरचा पत्ता विचारला.