सातव्या मजल्याची नवी रेकॉर्ड

दोन मोठी माणसं एका रॅपच्या अल्बमवरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे कुणालाही सांगितलं तर माणूस आधी हसतो, मग खरं का म्हणून विचारतो, आणि खरं आहे म्हटल्यावर पुन्हा हसतो. चष्मेवाल्याला हे हसणं आता पाठ झालं होतं. वय त्रेपन्न, स्वतःचं चष्म्यांचं दुकान, अंगात पांढरा कोट. आणि अबोला कुणाशी, तर सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याशी.

भावजी मुळात त्याचे कॉलेजातले मित्र. दोघांना एकत्र आणलं ते 'सातवा मजला' या ग्रुपने. चार पोरं, ढगळ पँटी, आणि तोंडाचा पट्टा असा सुटायचा की श्वास कधी घेतात ते कळायचं नाही. रेकॉर्ड ऐकायच्या निमित्ताने भावजी घरी येऊ लागले, त्यांनी ताईला पाहिलं आणि पुढचं सगळं रीतसर झालं. चारचौघांत 'भावजी, तुम्ही' आणि एकटे असले की 'अरे गाढवा', अशी सोय दोघांनी लावून घेतली होती.

मग अकरा वर्षांपूर्वी ग्रुपचा पाचवा अल्बम आला. त्यात व्हायोलिनं होती. चष्मेवाला म्हणाला, संपले हे, शब्दाला वजनच उरलं नाही, आता लग्नाच्या हॉलमध्ये वाजवा म्हणावं. भावजी म्हणाले, यांनी आजवर केलेलं सगळ्यात भारी काम हेच. शब्दाने शब्द वाढला. भावजी लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होते. चष्मेवाला बोलून गेला, "दिवसभर खालीवर करणाऱ्याला गाण्यातलं काय कळणार?" त्या दिवसापासून 'ताई, यांना सांग' आणि 'अगं, त्याला सांग' यावर कारभार चालला होता. एका खोलीत बसलेल्या दोघांचे निरोप पोचवून पोचवून ताई मेटाकुटीला आली होती.

आता भावजींनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती आणि ताई-भावजी लेकाच्या गावी कायमची राहायला निघाली होती. जायचा दिवस गुरुवार. त्याच आठवड्यात 'सातवा मजला'चा नवा अल्बम निघाला.

ताईचा फोन आला. "रविवारी चारला ये. यांनी रेकॉर्ड आणलीय, पण पाकीट फोडलं नाही. तू आल्याशिवाय फोडणार नाहीत म्हणे. काय तुमचे ते नियम!"

नियम जुना होता. नवा अल्बम पहिल्यांदा ऐकायचा तो एकत्र, रेकॉर्डवरच, आणि बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. भांडणातही तो मोडला नव्हता, कारण मोडायला मधे अल्बमच आला नव्हता. चष्मेवाल्याने फोन ठेवला. बहीण चालली होती, आणि खरं सांगायचं तर मित्रही चालला होता. रविवारी बोलणं झालं नाही तर पुढे कधी होणार नव्हतं, हे त्याला कळत होतं.

रविवारी घरभर खोकी होती. भावजींनी खोक्यात बांधलेला रेकॉर्ड प्लेयर पुन्हा सोडून एका ट्रंकेवर मांडला होता. ते उठले, रेकॉर्ड लावली आणि सुई टेकवली.

आवाज आला तो भलताच. खोल, भसाडा, संथ. एकेक शब्द जड कपाट जिन्यावरून उतरवावं तसा जपून उतरत होता. मागे कुठलं तरी गंभीर वाद्य घुमत होतं. चष्मेवाल्याने डोळे मिटले. वय झालं यांचं, त्याला वाटलं. आपलंही झालं. पण वय झाल्यावर असं बोलावं माणसाने, सावकाश, तोलून. त्याला चक्क भरून आलं.

बाजू संपली. ताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, पण पुढे येत नव्हती.

"घाई गेली यांची," चष्मेवाला म्हणाला. ताईकडे नाही, थेट समोर बघून.

भावजींनी सुई उचलली. "गेली खरी."

"शब्दाला वजन आलंय."

"आलंय. अगदी वजन आलंय."

"अरे, मग हेच तर मी तेव्हापासून बोंबलून सांगत होतो!"

त्या 'अरे'वर ताईच्या हातातल्या कपबशा वाजल्या. भावजी हसले आणि म्हणाले, "फॅन क्लबच्या पानावर लिहितो मी. दोघांच्या नावाने. उद्या संध्याकाळी टाकू." चष्मेवाला त्या दिवशी दोन कप चहा पिऊन, घरी चालत गेला.

सोमवारी सकाळी शेजारचे दाताचे डॉक्टर दुकानात डोकावले. तेही 'सातवा मजला'वाले, पण फोनवर ऐकणारे, त्यामुळे चष्मेवाला त्यांना जमेत धरत नसे.

"ऐकलात का? पन्नाशी उलटली तरी काय सुसाट सुटलेत! दाढ काढताना लावायची सोय नाही, हात पळायला लागतो."

"सुसाट? डॉक्टर, तुमचा फोन बिघडलाय."

डॉक्टरांनी फोन पुढे धरला. तीच गाणी, पण धावत सुटलेली, आणि आवाज टिपेचे. काल जे गंभीर वाद्य वाटलं होतं, ती व्हायोलिनं होती.

चष्मेवाला स्टुलावर बसला. जुन्या सगळ्या रेकॉर्डी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या गतीवर चालायच्या. ही बहुतेक पंचेचाळीसची होती आणि भावजींनी नेहमीप्रमाणे तेहतीसवर लावली होती. जो अल्बम ऐकून त्याचे डोळे भरले होते, तो अल्बम जगात कुणी काढलाच नव्हता.

गप्प बसावं, असं त्याला दुपारपर्यंत वाटत होतं. गुरुवारपर्यंतचा तर प्रश्न. पण संध्याकाळी ते लिखाण हजारो माणसांपुढे जाणार आणि भावजींचं हसं होणार. दुसऱ्यांदा त्यांना गाण्यातलं काही कळत नाही असं ठरणार, आणि या वेळी आपण बघत बसणार. पाच वाजता त्याने दुकानाचं शटर ओढलं.

भावजी तीन पानं हात लांब करून वाचत होते. "बरं झालं आलास. 'ही संथ गती म्हणजे परिपक्वतेचं शिखर' असं लिहिलंय. शिखर ठेवू का?"

"नको ठेवू. आपण चुकीच्या गतीवर ऐकली. ती पंचेचाळीसची आहे."

भावजींनी रेकॉर्ड उचलली, हात लांब केला, अजून लांब केला, मग त्याच्याकडे दिली. मधोमध मुंगीएवढ्या अक्षरात 'पंचेचाळीस' छापलं होतं.

"दिसलं नाही तुला?"

"जवळचं दिसत नाही मला. चार वर्षं झाली."

"मग चष्मा का नाही केला?"

भावजी खोक्यांकडे बघत म्हणाले, "कुठे करणार? तुझ्याकडे यायची सोय नव्हती. आणि दुसरीकडे गेलो असतो तर लोक म्हणाले असते, मेहुण्याचं दुकान असताना हा बघा कुठे गेला."

चष्मेवाल्याने रेकॉर्ड जपून ट्रंकेवर ठेवली. मग भावजीच हळूच म्हणाले, "आणि ऐक. काल मला झोप आली होती. पहिल्या गाण्यातच. एवढं रटाळ मी जन्मात ऐकलं नाही. तुला आवडलं म्हणून मी हो म्हणालो. म्हटलं, जाताना कशाला."

"न आवडलेल्यावर तीन पानं लिहिलीस?"

"तीनच? पाच होती. दोन फाडली."

चष्मेवाला मटकन ट्रंकेशेजारी बसला. "मी त्या दिवशी जे बोललो ना, लिफ्टचं, ते फार वाईट बोललो. अकरा वर्षं मला ते खातंय."

"खाऊ दे की थोडं," भावजी म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावली.

दुसऱ्या गाण्यापर्यंत दोघांनी नियम पाळला. तिसऱ्याला व्हायोलिनं आली आणि चष्मेवाला ओरडला, "परत तेच! लग्नाचा हॉल!" भावजी उभे राहिले. "तुझ्या कानात बोळे आहेत बोळे! ताल बघ गाढवा, खालून कसा येतो तो!" "ताल आहे म्हणून काहीही घालायचं का वर?" आवाज इतके चढले की ताई आतून धावत आली. दोघांना समोरासमोर हातवारे करताना तिने पाहिलं. मग तिने पदराने डोळे पुसले, दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत बसली.

मंगळवारी भावजी दुकानात आले. चष्मेवाल्याने त्यांची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली.

"हलू नकोस. कोणती ओळ दिसते?"

"खालून तिसरी. पण तू आधी सांग, चौथ्या गाण्यात काय वाईट आहे?"

"सगळं. डावा डोळा झाक."

"सगळं म्हणजे काय? मुद्द्याचं बोल."

नंबर काढायला पाऊण तास लागला. बाकावरची दोन गिऱ्हाईकं कंटाळून निघून गेली. शेवटी भावजींनी एक काळी फ्रेम पसंत केली, आरशात दोनदा पाहिलं आणि विचारलं, "कधी मिळेल?"

"काचा बाहेरून घासून येतात. आठ दिवस."

"आम्ही गुरुवारी चाललो."

चष्मेवाल्याने पावतीवर तारीख घातली. "माहितीय," तो म्हणाला. "मी घेऊन येतो."