भिंगरीच्या पाठीवरची जागा

मी एक जुना खरारा आहे. घोड्याचे अंग घासायचा ब्रश म्हणा हवे तर. पण सारे आयुष्य पागेत गेलेल्याला ब्रश म्हटलेले काही बरे वाटत नाही. माझी लाकडी पाठ हाताळून हाताळून गुळगुळीत झाली आहे. हात अडकवायचा कातडी पट्टा दोन वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेला आहे. माझे केस एकाच बाजूने झिजले आहेत, कारण ज्याने मला सर्वांत जास्त वापरले तो डावखुरा होता. सध्या मी एका खिळ्याला लटकलेला असतो. माझ्यात अजून भिंगरीचे थोडे तपकिरी केस अडकलेले आहेत. ते कुणी काढू नयेत, एवढेच माझे म्हणणे. का, ते सांगायचे तर मागे जावे लागेल, मित्रांनो.

मला घडवले एका बाईने. कारखान्यात ती पाय पसरून बसे. पायांवर तिचे तान्हे बाळ झोपलेले असे. तिचे पाय हलत राहत, हात काम करत राहत आणि तोंडाने ती शेजारणीशी भांडतही असे. भोकाभोकांतून केसांचे झुबके ओढून तिने मला पुरे केले आणि स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिले. गालाला टोचला तर तो खरारा ती परत उसवायची. मी टोचलो नाही. तिने मला बाजूला ठेवले आणि बाळाची दुपटी सारखी केली. माझ्या वाट्याला आलेली ही पहिली शाबासकी.

तिथून मी घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका पागेत आलो. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार तेव्हा तरुण होता आणि त्याच्याकडे नुकतीच एक कोवळी घोडी आली होती. तिला एका जागी उभे राहणे म्हणून माहीत नव्हते. "हिला कुणी गप्प उभी करून दाखवा, मी त्याचे पाय धरतो," असे म्हणत त्यानेच तिचे नाव भिंगरी ठेवले. तिच्या आवडीनिवडी मी आठवडाभरात शिकलो. पोटाला लागलो की ती पाय आपटायची. मानेखाली घासले की वरचा ओठ लांब काढून थरथरवायची, जणू शिट्टी वाजवायचा प्रयत्न चालला आहे. कंटाळली की मोतद्दाराची बाही दातांत धरून ओढायची.

"अगं बये, एवढा एकच सदरा धड उरलाय!" तो ओरडायचा. दुसऱ्या दिवशी तोच सदरा घालून यायचा.

ती वर्षे चांगली होती. मुले यायची, खोगिरावर आदळत आपटत गोल फेऱ्या मारायची. मग स्वारी शिकणारे कमी झाले. पागा बंद पडायच्या बेतात आली, तेव्हा ती एका बाईंनी चालवायला घेतली. त्यांना सगळे ताई म्हणत. खचलेल्या, घाबरलेल्या, आतून मिटून गेलेल्या माणसांना घोड्यांच्या सोबतीने सावरायला मदत करणे, हे ताईंचे काम. कधीकाळी त्या स्वतःच एका घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडल्या होत्या आणि सावरल्या होत्या. म्हणून घोड्यांवर त्यांचा विश्वास होता. जरा जास्तच होता.

आता मी रोज नव्या हातांत जाऊ लागलो. थंडगार हात, घामेजलेले हात, नखे कुरतडलेले हात. एक रुग्णवाहिकेचा चालक यायचा. तो मला गाडीच्या स्टिअरिंगसारखा आवळून धरायचा. भिंगरी मान वळवून त्याचा खिसा हुंगायची, त्यात कधीच काही नसायचे. एके दिवशी त्याची पकड सैल झाली, कपाळ तिच्या खांद्याला टेकले आणि तो मोठा बाप्या हुंदके देत राहिला. भिंगरी जागची हलली नाही. मित्रांनो, हे खरे घडत होते. ताई कुणाला फसवत नव्हत्या. म्हणूनच पुढचे सांगताना मला जड जाते.

ताई प्रत्येकाला एक गोष्ट सांगत. "घोडा म्हणजे आरसा. तुमच्या आत जे चाललंय, ते तो अंगावर दाखवतो." भिंगरीने कान मागे पाडले की त्या माणसाला विचारत, "आत्ता तुमच्या मनात काय आलं?" आणि माणसांच्या मनात काही ना काही असतेच. एक बाई म्हणाली, "सासूबाई आठवल्या." सगळे हसले. तिचे मन मोकळे झाले.

भिंगरीच्या मनात मात्र सासूबाई नव्हत्या. तिच्या पाठीवर, खोगिराच्या बरोबर खाली, तळहाताएवढी एक जागा दुखू लागली होती. मी तिथे पोचलो की तिची कातडी सर्रकन थरथरायची. ती पाठ खाली दाबायची, शेपटी झटकायची. आणि दर वेळी ताई समोरच्या माणसाला म्हणायच्या, "दीर्घ श्वास घ्या. तुम्ही शांत झालात की तीही होईल." आरशाला कुणी विचारते का, तुला कुठे दुखते म्हणून?

एकदा ती चावली. पाहुण्याच्या दंडावर दात उमटले. मग दोरी आखूड झाली, आवाज चढले, मोतद्दाराने पहिल्यांदा तिच्या तोंडावर चापट मारली. त्यानंतर तिने कान पाडणे सोडले. शेपटी झटकणे सोडले. हळूहळू कातडीनेही थरथरणे सोडले.

"शहाणी झाली हो आमची भिंगरी," ताई कौतुकाने सांगत. "नवीन माणसाला आम्ही हिच्याकडेच पाठवतो. हलत नाही मुळी."

मोतद्दाराने एकदा त्या जागेवर अंगठा दाबून पाहिला. मग इकडेतिकडे बघितले आणि अंगठा काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो खोगिराखाली एक जादा घोंगडी घालू लागला. काम न झेपणारे घोडे ट्रकमध्ये चढवताना त्याने पाहिले होते. त्या ट्रकची मागची फळी त्यानेच लावली होती. तोंड उघडले तर भिंगरी जाईल, ही त्याची भीती. त्याचा तिच्यावर जीव होता, मित्रांनो. जीव असलेली माणसेही असे करतात.

आणि मग ती मुलगी आली. नऊदहा वर्षांची, लांब वेणीची. तिचा धाकटा भाऊ आजारात गेला होता. आई तिला सोडायला यायची आणि बाकावर बसून राहायची. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे लांबूनही दिसत.

"हिने काही त्रास दिला नाही बघा," आई पहिल्याच दिवशी ताईंना म्हणाली. "एकदासुद्धा रडली नाही. उलट मलाच पाणी आणून देते. वेणीसुद्धा आता स्वतःची स्वतः घालते, मला हात लावू देत नाही. फक्त बोलत नाही. काही विचारा, 'हो' म्हणते."

खरेच होते. जेवलीस? हो. झोप लागली? हो. बरी आहेस ना? हो. आवडली भिंगरी? हो.

ताईंनी मला तिच्या हातात दिले. तिने काय करावे? मला उचलून स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिले. त्या कारखान्यातल्या बाईनंतर माझ्या आयुष्यात असे कुणी केले नव्हते. मग ती मानेपासून सुरू झाली आणि हळूहळू पाठीकडे आली. त्या जागेवर येताच भिंगरीने श्वास रोखला. कातडी नाही, कान नाही, शेपटी नाही, नुसता श्वास. तो आजवर फक्त मला कळायचा, कारण मी तिच्या बरगड्यांवर टेकलेला असायचो.

मुलीचा हात थांबला. तिनेही श्वास रोखला. मग तिने मला उचलले, त्या जागेला वळसा घातला आणि पलीकडे टेकवले.

"अगं, मधली पाठ राहिली की," ताई म्हणाल्या.

"हो," मुलगी म्हणाली. मला खाली ठेवून ती जागा तिने उघड्या तळहाताने पुसली, बाळाचे तोंड पुसावे तशी.

दर खेपेला असेच. ताईंना वाटले, मुलगी निवळते आहे. "बघितलंस? तुझ्यापुढे कशी गुपचूप उभी राहते. म्हणजे तुझ्या मनातलं वादळ शमलं." मुलगी "हो" म्हणायची. शेवटी ताईंनी ठरवले की आता हिला आणखी यायची गरज नाही. शेवटच्या दिवशी ती आईसमोर भिंगरीवर बसून एक फेरी मारेल आणि आनंदाने घरी जाईल.

मुलगी घरी गेली असती तर? त्याच आतल्या अंधारात, तेच "हो" म्हणत, आणि सगळ्यांच्या लेखी बरी होऊन. हा विचार मला अजून सोडत नाही.

त्या दिवशी भिंगरीवर घोंगड्या पडल्या, खोगीर चढले. मोतद्दार पोटाखालचा पट्टा आवळू लागला. मी कुंपणाच्या खांबावर होतो. आई बाकावरून उठून पुढे आली होती, कितीतरी दिवसांनी हसायचा प्रयत्न करत होती.

"चला, तयार?" ताईंनी हात पुढे केला.

"नाही."

आवाज इतका बारीक होता की ताईंनी वाकून विचारले, "भीती वाटते का गं? आपण हळूच..."

"नाही वाटत. तिला दुखतंय."

"नाही गं सोन्या. दुखत असतं तर हलली नसती का? बघ किती शांत उभी आहे."

"शांत नाहीये ती." मुलीने भिंगरीच्या बरगड्यांकडे बोट दाखवले. "तिने श्वास धरलाय."

"तुला कसं कळलं?"

"मी पण धरते."

आई एकदम म्हणाली, "कधी?"

मुलीने आईकडे पाहिले नाही. भिंगरीच्या पोटाकडे बघत म्हणाली, "तू विचारतेस ना, बरी आहेस ना म्हणून. तेव्हा."

मग मोतद्दाराने पट्टा सोडला. खोगीर उतरले, घोंगड्या उतरल्या. ताईंनी त्या जागेवर बोटे टेकवली आणि किंचित दाब दिला. भिंगरीची पाठ खाली गेली, गुडघे वाकले, आणि तिच्या तोंडून असा आवाज आला जो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

"ताई, मला..." मोतद्दार म्हणाला आणि सदऱ्याच्या बाहीत तोंड लपवून उभा राहिला. ताई हात मागे घेऊन नुसत्या बघत होत्या. आपल्याच हाताकडे.

मुलीने वेणीचे रबर काढले. आई "काय करतेस?" म्हणेपर्यंत तिने केस मोकळे केले आणि मानेवरून बाजूला सारले. डोक्याच्या मागच्या बाजूला, आईच्या नजरेआड, तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. एकेक केस उपटून उपटून तिने ती केली होती. आई मातीतच बसली. तिने हात पुढे केला, पण तिथे लावला नाही. विचारले, "इथे?"

मुलगी "हो" म्हणाली नाही. ती रडली. घोडा अंग झाडतो तशी, सगळ्या अंगाने.

घोड्यांचे डॉक्टर आले. पाठीचे मणके एकमेकांवर घासत होते, फार काळापासून. "हिने कधी दाखवलं नाही?" त्यांनी विचारले. त्यावर ताईच बोलल्या. "दाखवलं. मी दर वेळी दुसऱ्याच कुणाला तरी विचारलं." 

खोगीर कायमचे उतरले. औषधांनी थोडा उतार पडला, पण पुष्कळ उशीर झाला होता. थंडी पडली आणि एका सकाळी भिंगरी बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी मान हलवली. ताईंनी मुलीच्या घरी कळवले. नंतर आईच ताईंना सांगत होती ते मी ऐकले, तिने मुलीला विचारले होते, "यायचंय का? नाही म्हणालीस तरी चालेल." मुलीने बराच वेळ विचार केला आणि "यायचंय" म्हणाली.

तिने मला उचलले आणि भिंगरीच्या मानेखाली घासत राहिली. पाठीला हात लावला नाही. डॉक्टरांनी तिचे दुखणे संपवणारे इंजेक्शन दिले. भिंगरीचा वरचा ओठ लांब झाला आणि थोडासा थरथरला. शिट्टीसारखा. मग तो थांबला. मुलीने मला तिथेच टेकवून ठेवले. माझ्याखालच्या अंगाची ऊब हळूहळू कमी होत गेली, ती मी अगदी शेवटपर्यंत मोजली.

मोतद्दाराने मला या खिळ्याला लावले ते तेव्हा. धुतले नाही, विंचरले नाही. केस तसेच ठेवले.

मुलगी अजून येते. रडते, कधी चिडून माती उडवते, कधी आईला "आज नको, बोलू नको" असे तोंडावर सांगते. आई ऐकते. बाकावर बसून ती लेकीची वेणी घालते. मागच्या उघड्या जागेवर आता खुरटे केस आले आहेत. तिथे फणी पोचली की आई थांबते. मुलगी "हळू" म्हणते किंवा "इथे नको" म्हणते. सगळे बरे झालेले नाही. भाऊ परत आलेला नाही आणि भिंगरीही येणार नाही.

पागेत एक नवा घोडा आला आहे. अवखळ आहे. परवा पोटाला खरारा लागताच त्याने असा पाय आपटला की माझा खिळा हादरला. "थांबा," ताई म्हणाल्या. "तो नाही म्हणतोय. आधी त्याला काय झालंय ते बघू." बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी चांगले ऐकायला मिळाले.

मित्रांनो, मला पुन्हा वापरा अशी माझी विनवणी नाही. माझे काम संपले. पण तुमच्या घरात, वर्गात, गोठ्यात कुणी फारच शहाण्यासारखे वागत असेल, काही मागत नसेल, हलत नसेल, तर त्याच्या जवळ जा. बरा आहेस ना, म्हणून विचारा. आणि तो "हो" म्हणाला, तर लगेच निघून जाऊ नका. थोडा वेळ तिथेच बसा. त्याचा श्वास चालू आहे का, तेवढे ऐका.